हिरव्या पेटीतला राघो

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते निळं आंतरदेशीय पत्र होतं. ठाण्याच्या पोलीस लाइनीतून आलेलं. अक्षर मोठं आणि सरळ, लहानपणी कित्ता नीट गिरवलेल्या माणसाचं. मजकूर मला पाठ आहे.

'स. न. वि. वि. आपल्या पेटीवर पाण्याचा झोत मी मारला. नियमाप्रमाणे मारला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. परंतु त्यातलं निळ्या बांधणीचं टंकलेलं पुस्तक आपण मला नेऊ दिलंत, ते मी वाळवलं आणि घरी सर्वांना वाचून दाखवलं. शेवटी राघो नावाडी होडीत बसतो, दोर सोडतो आणि पुढे पानं नाहीत. ती माझ्या हातून गेली. राघो पलीकडे पोचला का? आमची मंडळी शांताबाई म्हणते, पोचला. मुलगा धम्मपाल म्हणतो, मधूनच मागे फिरला. दुसरी प्रत कुठे मिळेल ते कळवावे. आपला, कुंडलिक अहिरे, बॉम्बशोधक व नाशक पथक.'

पत्रात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. क्षमा मागायची मला सवय आहे. पण हा माणूस काही मागत होता, आणि ते माझ्याकडे नव्हतं. पत्र मी शब्दकोशाखाली ठेवलं. उद्या लिहू म्हणून ठेवलं. मग उद्या इतके झाले की उत्तर देण्यापेक्षा न देणंच बरं दिसेल असं वाटायला लागलं.

पेटीबद्दल आधी सांगायला हवं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, आमच्या काही इमारतींचं मिळून एक वाचक मंडळ होतं. मंडळ म्हणजे माझा मित्र बाळ खांबेटे आणि त्याची पेटी. पेटी लोखंडी, हिरवी, दोन बाजूंना कड्या. बाळच्या वडिलांनी ती कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीतल्या लिलावात घेतली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात कुठल्याशा पलटणीचे आकडे होते, ते घासूनही पुरते गेले नव्हते. आत पुस्तकं आणि डांबरगोळ्या. त्या डांबरगोळ्यांचा वास पुस्तकांना असा बसला होता की अजूनही कुणी ट्रंकेतली लोकरीची शाल काढली की मला कादंबरी वाचायची इच्छा होते.

पेटी इमारतीतून इमारतीत फिरायची. तिची रीत बाळने ठरवलेली. पाळी ज्याची त्याच्या फाटकाजवळच्या बाकावर किंवा जिन्याखाली पेटी ठेवायची आणि निघून यायचं. बेल वाजवायची नाही. बेल वाजवली की चहा होतो, चहा झाला की पोह्यांची गोष्ट निघते, आणि मग पेटी पोचवायला दुसऱ्यांदा कुणी तयार होत नाही. कुलपाची एक एक किल्ली प्रत्येक घरात असे. संध्याकाळी ज्याचा तो पेटी उचलून नेई. वर्षानुवर्षं ती अशी बाकांवर एकटी बसलेली असायची. मुलं तिच्यावर बसून पत्ते खेळत. एकदा तिच्यावर कुणी पापड वाळत घातले होते. ती कुणाची आहे, असं कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

पुस्तकं परत येत तेव्हा त्यांच्यात माणसं राहिलेली असत. कुणाचं हळदीचं बोट, कुणाचं बसचं तिकीट, कढीपत्त्याचं वाळकं पान. मला ते बघायला आवडायचं. लोकांशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या पेटीत मी माझं पुस्तक ठेवलं होतं.

हे वाक्य लिहिताना अजून संकोच वाटतो. ठाण्याच्या एका कचेरीत मी टंकलेखक होतो. दुसऱ्यांचे मसुदे आयुष्यभर टंकले आणि कचेरी सुटल्यावर, मशीन मोकळं असे तेव्हा, हळूहळू एक गोष्ट टंकली. बाळकुमच्या खाडीवरच्या राघो नावाड्याची. खाडीवर पूल होतो. राघोचा मुलगा त्याच पुलाच्या कामावर लागतो, पलीकडे घर करतो. राघो म्हणतो, तुझ्या पुलावर मी पाय ठेवणार नाही. पूल सुरू होतो, होडी रिकामी पडते, वर्षं जातात. शेवटी एका संध्याकाळी म्हातारा होडीत बसून मुलाकडे निघतो. पूल डोक्यावर असताना होडीने.

इथपर्यंत मी आलो आणि थांबलो. राघोला पोचवला तर खोटं वाटे. बुडवला तर उसनं वाटे. परत फिरवला तर आपण घाबरलो असं वाटे. शेवटी मी बांधणीवाल्याला म्हटलं, मागे थोडी कोरी पानं घाल, सुचेल तेव्हा लिहीन. मंडळाच्या इतर पुस्तकांसारखंच निळं कापड लावून घेतलं. नाव घातलं नाही. त्या काळी दुर्मिळ पुस्तकं टंकून ठेवायची पद्धत होती, तसलंच एखादं समजून कुणी उचलेल, न ओळखता वाचेल, आणि अमुक पानावर हळद लागलेली मला दिसेल, एवढीच आशा. पेटी फिरून फिरून आली. निळ्या पुस्तकातली रेशमी खूण मी ठेवली होती तिथेच दर वेळी असायची. पहिल्या पानावर.

मग मंडळातल्या मंदाकिनी वर्तक बाळकुमला राहायला गेल्या. जुन्या गावठाणाच्या कडेला तेव्हा मोठी संकुलं उठत होती, त्यातल्या एकात मुलाने घर घेतलं. जाताना त्या बाळला म्हणाल्या, "सगळं सोडून चाललेय रे, पण पेटीची पाळी सोडणार नाही." बाळ म्हणाला, "ताई, पेटी बाळकुमला येईल."

ते दिवस बरे नव्हते. स्फोटांच्या बातम्या येऊन गेल्या होत्या, येत होत्या. आणि त्यात एक नवं भय मिसळलं होतं. असली कामं करणारे दूर कुठून येतात अशी जी एक समजूत होती, ती मोडली होती. आपल्याच गावातले, आपलीच भाषा बोलणारे, कधी या धर्माचे, कधी त्या. सरकारने जागोजाग पाट्या लावल्या होत्या, बेवारस वस्तूला हात लावू नका. स्टेशनांवर तेच सांगत. मी त्या पाट्या वाचत होतो. मी सगळ्याच पाट्या वाचतो. पण आमची पेटी बेवारस असू शकते, हे माझ्या किंवा बाळच्या मनातसुद्धा आलं नाही.

आम्ही रिक्षाने पेटी घेऊन गेलो. संकुलाच्या फाटकाशी बाक होता. पहारेकरी चौकीत फोनवर बोलत होता.

"सांग त्याला," बाळ म्हणाला.

"तूच सांग."

"मला हिंदी बोलताना हसू येतं, दिगू. तू जा."

मी दोन पावलं गेलो. त्याने मान वर केली. मी परत आलो. "तो फोनवर आहे," मी म्हटलं.

"मग राहू दे. रीत म्हणजे रीत." बाळने पेटी बाकावर नीट सरळ ठेवली, कुलूप ओढून पाहिलं, आणि आम्ही थांबवून ठेवलेल्या रिक्षात बसलो.

मंदाकिनीताई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत रस्ता बंद झाला होता, संकुल रिकामं केलं होतं, लोक उन्हात मैदानात उभे होते. त्यांनी पोलिसांना सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या जबड्यात भूल होती. लष्करी आकडे असलेली पेटी, कुलूप, आणि कॅमेऱ्यात दोन इसम, वय साठीचं, घाईघाईने रिक्षातून पळताना. पथकाने दुरूनच पाण्याचा जोरदार झोत सोडून पेटी फोडली. स्फोटक असलं तरी ते पेटायच्या आत विस्कटावं म्हणून तसं करतात, हे मला नंतर कळलं.

भूल उतरल्यावर ताईंनी आमची नावं सांगितली. आम्हाला पोलीस चौकीत बोलावलं तेव्हा मी बाळला दोनदा म्हटलं, बोलायचं तू. अहिरे तिथे खाली बसले होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, माझ्याहून बरेच लहान. पंख्याखाली वर्तमानपत्रं पसरून त्यावर आमच्या पुस्तकांचा लगदा मांडला होता आणि स्टीलच्या पट्टीने ते एकेक ओलं पान दुसऱ्यापासून सोडवत होते. हे त्यांचं काम नव्हतं.

"पेटी तुमची?"

"मंडळाची," बाळ म्हणाला.

"पुस्तकांना कुलूप कशाला लावता?"

"साहेब, पुस्तकं पळतात."

अहिरे एकटेच हसले. "तुम्ही पण पळालात की."

"पळालो नाही हो, रिक्षाचं मीटर पळत होतं."

"वाईट वाटलं मला," ते पानं सोडवत म्हणाले. "पण तिथे उभं राहून असेल-नसेल करता येत नाही. मागे बायाबापड्या, लेकरं उभी होती." मग त्यांनी निळं पुस्तक उचललं. पुढचा भाग ओला पण धड होता, मागचा चोथा झाला होता. "हे कुणाचं? नाव दिसत नाही. यातलं एक पान वाळवता वाळवता वाचलं. पुढचं पण वाचलं. दुसरी प्रत असेल ना याची?"

बाळ माझ्याकडे बघत होता, कारण पुस्तकांचं मी बघायचो. तिथे चार पोलीस होते, टेबलावर पंचनाम्याचे कागद होते. हे मी लिहिलंय असं म्हणायला माझी जीभ उचलेना.

"असेल," मी म्हणालो.

"मग हे मी घरी नेऊ वाचायला?"

"न्या."

महिनाभराने ते निळं पत्र आलं. त्यांना वाटत होतं त्यांनी शेवट उडवला. त्यांनी उडवली ती कोरी पानं होती. हे त्यांना कसं लिहायचं? पुस्तक माझं आहे, हे आधी सांगावं लागलं असतं; आणि मग ते अर्धंच आहे, हेही. माझा एकुलता एक वाचक मला मिळाला होता, आणि त्याला द्यायला माझ्याकडे शेवट नव्हता.

पेटी गेली ती गेलीच. बाळने नवी घेतली नाही. मंडळातली मुलं पुण्याला, परदेशात गेली, म्हातारे कमी झाले. आता इमारतींच्या फाटकांवर कॅमेरे आहेत आणि बाक काढून टाकलेत.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पोलिसांचा कार्यक्रम होता, दहशतवाद रोखण्यासाठी नागरिकांनी काय करावं या विषयावर. मी असल्या गर्दीला जात नाही. बाळ मला हाताला धरून घेऊन गेला. "चल रे, बटाटेवडे आहेत," म्हणाला.

मृणाल नावाच्या तरुण पोलीस अधिकारी बोलायला आल्या होत्या. चटपटीत, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या.

"आता बॅग-बिग कमी झालंय," त्या म्हणाल्या. "बॅग दिसली तर कळवाच. पण आता जास्त सगळं मोबाइलवर चालतं. घरातला मुलगा एकदम दार लावून बसायला लागतो. जुने मित्र तोडतो. अमक्या लोकांना संपवलंच पाहिजे, असली भाषा यायला लागते. तेव्हा आम्हाला सांगा. लगेच बेड्या घेऊन नाही येत आम्ही. आधी बोलायला येतो. कितीतरी पोरं नुसत्या बोलण्याने मागे फिरलेली मी बघितलीयत."

"म्हणजे शेजाऱ्यांवर पाळत ठेवायची का, मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाळत कशाला? पूर्वी जिन्यात भेटलं की विचारायचात ना, काय रे, दिसला नाहीस, जेवलास का? तेवढंच विचारा. कुणी विचारत नाही, म्हणून तर तिकडचे विचारतात त्याला."

आमचा सेक्रेटरी राकेश उठला. "मॅडम, आपण सरळ ठराव करू ना. तसले भाडेकरू ठेवायचेच नाहीत. विषय संपला."

"तसले म्हणजे कसले?"

राकेश हसला. "तुम्हाला कळलं ना."

"नाही कळलं. मी गेलेय त्या घरांमध्ये, सर. एका घरात देवापुढे दिवा लावलेला होता, दुसऱ्या घरात नमाजाची चटई होती. दोन्ही घरांत आई रडत होती, आणि दोन्ही घरं स्वतःच्या मालकीची होती. भाडेकरूंची नोंद करा, ती सगळ्यांचीच करा. ठराव नको."

राकेश खाली बसला. ते बघून असेल, त्यांनी आवाज बदलला. "आता एक गंमत सांगते. आमच्या ट्रेनिंगमध्ये एक केस सांगायचे. ठाण्याच्या बाजूला एका सोसायटीबाहेर दोन म्हातारे एक हिरवी मिलिटरी पेटी ठेवून पळून गेलेले…"

मी खुर्चीत खाली सरकलो. बाळ उभा राहिला.

"पळालो नाही!" तो गरजला. "रिक्षा थांबली होती!"

आधी कुणाला कळेना. मग हॉल जो हसायला लागला, तो थांबेना. राकेश ओरडला, "काका, तुम्ही? आणि आम्ही भाडेकरू शोधत बसलोय!" मृणाल मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या. "अय्या, तुम्ही ते दोन इसम?"

"हा दुसरा," बाळने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "बघा, यातून शिकायचं एवढंच. वस्तू तुमची असेल तर पुढे येऊन सांगा, माझी आहे. बस. लाजू नका. अर्धं काम तिथेच होतं."

कार्यक्रम संपल्यावर त्या स्वतः आमच्याकडे आल्या. हातात वड्याची प्लेट. "अहिरे सरांना सांगितलं पाहिजे तुम्ही भेटलात म्हणून. त्यांनीच शिकवलं आम्हाला."

"कसे आहेत?" बाळने विचारलं.

"रिटायर झाले. टिटवाळ्याला असतात. ऐकायला येत नाही आता अजिबात, इतकी वर्षं त्या आवाजांत गेली. आणि आता पायाला प्लास्टर." त्या थांबल्या. "तुमच्या पेटीमुळेच, खरं तर. त्यातलं एक पुस्तक शोधतायत ते अजून. होडीवाल्याचं काहीतरी. ठाणे, कल्याण, एक लायब्ररी सोडली नाही. लोक म्हणतात असलं पुस्तकच नाही, तर म्हणतात, आहे, त्या पेटीवाल्यांच्या माणसाने मला सांगितलंय दुसरी प्रत असेल म्हणून. परवा कल्याणला एका वाचनालयाच्या जिन्यावरून पडले. धम्मपाल वैतागलाय. आणि ते काय म्हणतात माहितीय? प्लास्टर निघालं की ठाण्याला एक राहिलंय तिथे जायचं."

मी हातातला वडा खाली ठेवला.

"इतक्या खऱ्या बॉम्बना हात लावला माणसाने," त्या म्हणाल्या, "त्याचं कधी बोलत नाहीत. हेच एक धरून बसलेत. म्हणे, वाचवायला गेलो आणि माणसाची गोष्ट तोडली."

"त्यांना फोन…" मी म्हणालो.

"फोनचा उपयोग नाही, काका. पत्र लिहा. पत्ता देते."

घरी येताना बाळ वड्यांबद्दल बोलत होता. मग एकदम म्हणाला, "कुठलं रे पुस्तक ते? होडीवालं? आपल्याकडे कुणाचं होतं?"

"माझं."

"ते माहितीय, मंडळाचं. लिहिलेलं कुणी?"

"मी, बाळ."

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न दिला, त्याला बाळने नुसता हात दाखवला. "तू? आणि सांगितलं नाहीस? अरे मी वाचलं असतं की!"

"पेटीत होतं. तुझ्या घरी दर फेरीला यायचं."

"निळं होतं?"

"निळं."

बाळचा चेहरा पडला. "मला वाटलं जमाखर्चाचं काहीतरी." थोडं चालल्यावर म्हणाला, "मग काय होतं त्या होडीवाल्याचं?"

"माहीत नाही. लिहिलं नव्हतं. ती पानं कोरी होती."

"म्हणजे तो बिचारा पोलीस जिने चढतोय तो कोऱ्या पानांसाठी?" बाळ हसायला लागला, आणि माझ्याकडे बघून थांबला. "दिगू, हे लिही बाबा त्याला. प्लास्टर निघायच्या आत लिही."

सुमतीला, माझ्या बायकोला, मी सगळं सांगितलं. तिला पत्राचं ठाऊक होतं. शब्दकोश पुसताना ती ते दर वेळी उचलून परत तिथेच ठेवत होती. "शेवटाशिवाय बांधणी करून घेणारे तुम्हीच," एवढंच म्हणाली, आणि टेबल आवरून दिलं.

पहिल्यांदा मला एक सोपी युक्ती सुचली. शेवट आता लिहायचा आणि हीच ती हरवलेली पानं म्हणून पाठवायचा. कुंडलिकरावांना दुसरी प्रत मिळाल्यासारखं होईल, माझी लाज राखली जाईल. दोन दिवस मी या युक्तीवर खूश होतो. मग लक्षात आलं की तसं केलं तर त्यांचे जिने थांबतील, पण त्यांनी ती पानं उडवली हे तसंच राहील. उलट पानं किती चांगली होती असं वाटून अधिकच टोचेल. किंवा वाईट होती असं वाटून माझी फजिती. खरं तेच लिहायला हवं होतं.

ते एका परिच्छेदात लिहून झालं. पुस्तक माझं आहे. दुसरी प्रत नाही, कधीच नव्हती. मागची पानं कोरी होती. आपण गोष्ट तोडली नाहीत. तोडली ती फक्त पेटी. आपण वाचेपर्यंत ती गोष्ट कुणीही वाचली नव्हती. मग मी पेन खाली ठेवलं. एवढ्याने भागत नव्हतं. त्यांनी हे विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, राघो पोचला का.

गोष्ट थांबली त्या संध्याकाळी कचेरीत माझ्यासमोर राघो होता, होडी होती, आणि पलीकडचा काठ रिकामा होता. मुलाचं घर मी लिहिलं होतं, पण त्यात कुणी वाट बघत असेल असं मला कधी खरं वाटलं नव्हतं. आणि इथे इतकी वर्षं, आधी ठाण्याच्या पोलीस लाइनीत आणि मग टिटवाळ्याला, एक आख्खं घर बसून होतं. शांताबाई म्हणत होत्या पोचला, धम्मपाल म्हणत होता फिरला, आणि तो म्हातारा दर वाचनालयाच्या काउंटरवर राघोची चौकशी करत होता. एवढे लोक काठावर उभे असताना न पोचून त्याला कसं चाललं असतं?

मी लिहिलं. हाताने, कारण आता मशीन नाही आणि असतं तरी बोटांना जमलं नसतं. राघो पुलाखालून जातो तेव्हा वर गाड्या धडधडत असतात. मध्यावर त्याचे हात भरून येतात. धम्मपालसाठी तिथे मी होडी थोडा वेळ मागे वाहू दिली. मग भरतीचं पाणी लागतं आणि तो पलीकडच्या चिखलात उतरतो, वल्हं खांद्यावर घेऊन, कारण अनोळखी काठावर ते सोडायचं नसतं. मुलाच्या दाराशी तो उभा राहतो आणि आवाज देतो, "मी हाय रे." तिथे संपवलं. दार उघडलं की नाही, ते लिहिलं नाही. चांगलं झालं की नाही, मला सांगता येत नाही. बरं आहे असं एकदा वाटलं, आणि मग मी ते परत वाचलं नाही, म्हणजे वाटणं टिकेल.

शेवटी लिहिलं, 'शांताबाईंना सांगावे, त्यांचंच खरं निघालं. ठाण्याला जाण्याची आवश्यकता नाही. प्लास्टर निघाल्यावर इकडे यावे. बाळ खांबेटे आपल्याला चहा दिल्याशिवाय सोडणार नाही, बेल वाजवावी.'

आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.

पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीपलीकडे एक मुलगी होती, तिने पाकीट हातात घेतलं, जाड होतं म्हणून दाबून पाहिलं.

"आत काय आहे, काका? विचारावं लागतं हल्ली."

"कागद आहेत."

"कसले कागद?"

मागे दोन-तीन माणसं उभी होती. माझे कान तापले.

"गोष्ट आहे," मी म्हणालो. "माझी आहे. मी लिहिलेली."

बहुतेक फारच मोठ्याने म्हणालो असेन, कारण मागच्या माणसाने मोबाइलमधून मान वर केली. मुलीने पाकिटावर माझं नाव वाचलं, पत्ता वाचला, "टिटवाळा, उद्या-परवा मिळेल," म्हणाली. मग शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.